गुग्गुळाच्या दोन फायली

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला तर मी साधारण असं सांगते: लठ्ठपणात शरीरात एक मंद दाह सतत चालू असतो. काही औषधी वनस्पतींच्या अर्कांनी तो कमी होतो का, हे मी प्रयोगशाळेत मेदपेशींवर तपासते. यावर नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग गुग्गुळ घेतला तर चालेल का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी गुग्गुळाचा इतिहास सांगावा लागतो. संहितेतल्या एका यादीपासून थेट अमेरिकेतल्या क्लिनिकल ट्रायलपर्यंत ज्यांचा प्रवास टप्प्याटप्प्याने कागदावर सापडतो अशा आपल्याकडच्या वनस्पती फार नाहीत. गुग्गुळ त्यातली एक. आणि ते कागद तारखांनुसार लावले की एक गोष्ट लक्षात येते. आधुनिक संशोधनाने या एका झाडाच्या दोन फायली केल्या. एकीवर लिहिलं 'चरबी', दुसरीवर लिहिलं 'दाह'. चाळीसेक वर्षं या फायली वेगवेगळ्या टेबलांवर राहिल्या. त्या एकत्र का आल्या आणि आल्यावर काय झालं, हे आज सांगायचंय. लेख थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी झाडाची ओळख

गुग्गुळ म्हणजे डिंक. तेल, राळ आणि गोंद यांचं मिश्रण असलेला, हाताला चिकटणारा, तपकिरी पिवळा, कडवट वासाचा निर्यास. तो ज्या झाडातून येतो त्याचं शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी. दक्षिण भारतातल्या वनस्पतींवर काम करणारे स्कॉटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट वाइट यांचं नाव त्याला दिलेलं आहे. जुन्या शोधनिबंधांत तुम्हाला हेच झाड 'कॉमिफोरा मुकुल' किंवा त्याहून आधी 'बाल्समोडेंड्रॉन मुकुल' म्हणून भेटेल. गोंधळून जाऊ नका, झाड तेच.

झाड म्हणणंही जरा जास्तच. कच्छ, सौराष्ट्र, पश्चिम राजस्थान आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तानच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढणारं ते एक काटेरी, वेडंवाकडं झुडूप आहे. वर्षातला बराचसा काळ त्याला पानंही नसतात. खोडाची साल कागदासारखी सुटते. सालीला चीर दिली की हा डिंक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. आपल्याकडे घराघरांत तो माहीत आहे तो दोन रूपांत. एक धूप घालायचा गुग्गुळ, आणि दुसरा वैद्यांकडचा योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ वगैरे गोळ्यांतला.

संहितेत काय आहे

गुग्गुळाचा उल्लेख अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात येतो. तिथे तो पोटात घ्यायचं औषध म्हणून येत नाही. त्याच्या वासाने रोग पळून जातात, अशा अर्थाने येतो, आणि सिंधूकडचा व समुद्राकडचा असे त्याचे दोन प्रकारही सांगितलेले आहेत. सिंध आणि कच्छचा किनारा नकाशावर बघितला तर हे वर्णन वाचताना मजा वाटते.

लठ्ठपणाच्या संदर्भातला महत्त्वाचा उतारा सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. स्थौल्य कसं येतं, याचं तिथलं वर्णन नीट वाचण्यासारखं आहे. कफ वाढवणारा आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांमुळे आहाररस नीट पचत नाही आणि त्यातून मेद वाढतो. वाढलेला मेद शरीरातले मार्ग अडवतो, त्यामुळे बाकीच्या धातूंचं पोषण होत नाही. मग धाप लागणं, तहान, भूक, झोप, घाम वाढणं आणि पुढे प्रमेहपिडका, ज्वर, भगंदर, विद्रधी असे विकार. म्हणजे प्रमेहातले फोड, ताप, गळवं.

त्यानंतर उपाय. शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्मासारखं लोखंडाचं चूर्ण, रसांजन, मध. जोडीला जव, मूग, हरीक, सावा अशी धान्यं. आणि व्यायाम व लेखनबस्ती. ही यादी मुद्दाम पूर्ण दिली, कारण यात गुग्गुळ एकटा नाही. तो एका संपूर्ण पथ्यातला एक घटक आहे. जव-मूग खाणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या माणसाला दिलेला गुग्गुळ.

आणखी एक बारकावा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत नवा गुग्गुळ आणि जुना गुग्गुळ यांचे गुण वेगळे सांगितले आहेत. नवा बृंहण, म्हणजे अंगावर मांस चढवणारा. जुना मात्र कृश करणारा, लेखन करणारा, म्हणजे खरवडून काढणारा. वजन कमी करायला नवा गुग्गुळ चालणार नाही, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. आज कॅप्सूलच्या डबीवर डिंक किती जुना हे लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

आणि या ग्रंथांत जे नाही तेही लक्षात ठेवूया. मेद म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे. कोलेस्टेरॉलला नाव मिळालं १८१५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये, शेव्हरूल या रसायनशास्त्रज्ञाकडून, तेही पित्ताशयातल्या खड्यांच्या अभ्यासातून. 'मेद' हा एका वेगळ्या विचारव्यवस्थेतला शब्द आहे. त्याचं भाषांतर करताना काही तरी सुटतं आणि काही तरी नवं चिकटतं. गुग्गुळाच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

पहिली फाईल: लखनौ, १९६०

गंमत म्हणजे गुग्गुळावरचं आधुनिक औषधशास्त्रीय काम चरबीपासून सुरू झालेलं नाही. १९६० साली लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजमधल्या एम. एल. गुजराल आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. विषय होता गुग्गुळाचा सांधेदाहविरोधी आणि दाहविरोधी परिणाम. वैद्य लोक आमवातात आणि सांधेदुखीत गुग्गुळ पिढ्यानपिढ्या देत आले होते. तेव्हा सुजेपासून सुरुवात करणं साहजिकच होतं.

ही फाईल पुढेही वाढत राहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गुग्गुळातून वेगळ्या काढलेल्या एका स्फटिकरूप स्टेरॉइडचा दाहविरोधी परिणाम तपासला गेला. १९७७ मध्ये प्रयोगातल्या प्राण्यांच्या सांधेदाहावर गुग्गुळाची तुलना फिनाइलब्युटाझोन आणि आयबुप्रोफेन या औषधांशी झाली. म्हणजे 'गुग्गुळ दाह कमी करतो का' हा प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. फक्त तो सांध्यांपुरता विचारला जात होता. चरबीशी त्याचा संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. त्या काळच्या शरीरशास्त्रात चरबी म्हणजे कोठार. आलं ते साठवायचं, लागेल तेव्हा द्यायचं. कोठाराला कसली आलीय सूज?

दुसरी फाईल: वाराणसी, १९६६

दुसऱ्या फाईलीची सुरुवात एका पीजी प्रबंधातून झाली, म्हणून ती मला जास्त जवळची वाटते. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्यांनी सुश्रुताचा तोच स्थौल्याचा उतारा घेतला आणि एक धाडसी प्रश्न विचारला. मेद वाढतो आणि मार्ग अडतात, हे वर्णन रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या आजाराशी जुळतं का? आणि जुळत असेल, तर त्यावर सांगितलेला गुग्गुळ तिथे काम करेल का?

हा प्रश्न १९६० च्या दशकातच का सुचला, तेही बघा. अमेरिकेतला फ्रेमिंगहॅम अभ्यास १९४८ पासून चालू होता आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांचा संबंध नुकताच ठळक झाला होता. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या खराब करण्याची पद्धत तर रशियात अनिच्कोव यांनी १९१३ मध्येच दाखवली होती. सत्यवतींकडे एका हातात संहिता होती आणि दुसऱ्या हातात ससा. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार दिला, काहींना सोबत गुग्गुळ दिला, आणि गुग्गुळवाल्या सशांचं कोलेस्टेरॉल कमी राहिलं. १९६९ मध्ये हे काम शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं. सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

या प्रबंधाचं महत्त्व मोठं आहे. "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. ग्रंथातल्या वाक्याचं त्यांनी चूक ठरू शकेल असं विधान केलं आणि मग ते तपासलं. विज्ञान म्हणजे एवढंच. पण इथेच एक वळणही आलं. प्रबंधाच्या विषयात लठ्ठपणा होता आणि धमनीविकारही होता. पुढच्या संशोधनाने त्यातला मोजायला सोपा भाग उचलला: रक्तातलं कोलेस्टेरॉल. लठ्ठपणा मागे पडला. यादीतले जव, मूग, व्यायाम तर केव्हाच गळाले होते.

पुण्यातलं रसायनशास्त्र

अर्कात नक्की काय आहे हे कळल्याशिवाय औषध होत नाही. हे काम आपल्या पुण्यात झालं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडवरच्या एनसीएलमध्ये, सुख देव यांच्या गटाने आयुर्वेदातल्या द्रव्यांच्या रसायनशास्त्रावर एक लेखमालाच सुरू केली. १९७२ साली 'टेट्राहेड्रॉन' या नियतकालिकात आलेला त्यातला पहिला लेख गुग्गुळावर होता. पाटील, नायक आणि सुख देव या तिघांनी त्यात गुग्गुळातली स्टेरॉइडं वेगळी करून त्यांची रचना मांडली. झेड आणि ई ही गुग्गुळस्टेरोनची दोन रूपं त्यातलीच. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त एका दुहेरी बंधाभोवती तुकडे कोणत्या बाजूला आहेत एवढाच फरक.

आज जगात कुठेही गुग्गुळावर पेशींचा प्रयोग होतो तेव्हा बहुतेक वेळा हीच गुग्गुळस्टेरोनं वापरली जातात. बाटलीत शुद्ध पांढरी पूड येते. ती सोयीची असते, कारण मात्रा नेमकी ठरवता येते. पण ती पूड म्हणजे गुग्गुळ नव्हे. डिंकात गुग्गुळस्टेरोनचं प्रमाण काही टक्केच असतं. बाकी बरंच काही असतं, आणि वैद्य तो डिंक त्रिफळ्याच्या काढ्यासारख्या द्रवात शोधून मगच वापरतात. तेव्हा "गुग्गुळाने अमुक झालं" अशी बातमी वाचलीत की पहिला प्रश्न विचारा: कोणत्या गुग्गुळाने? खड्याने, अर्काने की पुडीने?

लखनौची गोळी

यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने डिंकापासून एक प्रमाणित अर्क तयार केला. नाव ठेवलं गुगुलिपिड. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला भारतात कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध म्हणून परवानगी मिळाली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते 'गुग्लिप' या नावाने विकलं. सरकारी प्रयोगशाळेत, भारतीय झुडपापासून, भारतीय ग्रंथाच्या धाग्यावरून निघालेलं औषध. त्या काळात त्याचं केवढं कौतुक झालं असेल याची कल्पना करा.

त्याच्या चाचण्यांचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी अशा सात ठिकाणी चाचण्या झाल्या होत्या. आधी खुली चाचणी, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणतं औषध चाललंय हे माहीत. तीत २०५ रुग्णांनी १२ आठवडे पूर्ण केले आणि ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरलं. मग डबल-ब्लाइंड चाचणी, म्हणजे कुणालाच माहीत नाही. तीत गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के उतरलं आणि तुलनेसाठी घेतलेल्या क्लोफायब्रेटने १० टक्के.

हे आकडे जरा थांबून वाचा. पहिला आकडा ज्यांना गुण आला अशांचा आहे. ज्यांना आला नाही ते त्या सरासरीत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधली की फायदा ११ टक्क्यांवर येतो. हे सगळं अहवालात उघड लिहिलेलं आहे, कुणी काही लपवलेलं नाही. पण जाहिरातीत कोणता आकडा जास्त शोभेल हे सांगायला नको. शिवाय तुलना ज्या क्लोफायब्रेटशी केली, त्या औषधाची अवस्था १९७८ पासूनच वाईट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले होते. आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. त्यापुढे ११ टक्के म्हणजे काहीच नव्हतं.

२००३: एकाच वर्षातल्या दोन बातम्या

मे २००२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधून एक शोधनिबंध आला. गुग्गुळस्टेरोन हे यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला अडवतं, आणि ज्या उंदरांत हा ग्राहीच नाही त्यांच्यावर गुग्गुळस्टेरोनचा परिणाम होत नाही, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे औषधाला यंत्रणा सापडली. गुग्गुळप्रेमींसाठी दिवाळीच.

पंधरा महिन्यांत ती विझली. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल जास्त असलेले १०३ प्रौढ, आठ आठवडे, तीन गट: प्लासिबो, नेहमीची मात्रा, दुप्पट मात्रा. प्लासिबो गटात एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, ५ टक्के उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांत ते ४ ते ५ टक्के वाढलं. सहा जणांना अंगावर पुरळ आलं, प्लासिबो गटात एकालाही नाही. पुढे २००९ मध्ये नॉर्वेत ४३ जणांवर झालेल्या छोट्या चाचणीतही एलडीएल हललं नाही.

याची कारणं बरीच मांडली गेली. आहार वेगळा, वंश वेगळा, अर्क वेगळा. यातलं काहीही खरं असू शकतं. पण चरबीची फाईल त्या दिवशी जवळपास मिटली, हे मान्य करायला हवं.

याच अहवालात आणखी एक नोंद होती, तिच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. दुप्पट मात्रेच्या गटात सीआरपी, म्हणजे रक्तातल्या दाहाचा एक निदर्शक, कमी झालेला दिसत होता. चाचणी त्यासाठी आखलेली नव्हती, म्हणून या आकड्यावर इमारत बांधता येत नाही. पण कोलेस्टेरॉल शोधायला गेलेल्यांना दुसऱ्या फाईलीतलं पान मिळालं होतं.

आणि त्याच वर्षी, डिसेंबर २००३ मध्ये, दुसरी बातमी आली. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्समधली एक औषध कंपनी, अशा दोन गटांनी एकाच अंकात दाखवलं की लठ्ठपणात चरबीच्या ऊतीमध्ये महाभक्षी पेशींची गर्दी होते. महाभक्षी म्हणजे जंतू गिळणाऱ्या, दाह पेटवणाऱ्या पेशी. कोलंबियाच्या अंदाजानुसार सडपातळ माणसाच्या मेदऊतीत त्या १० टक्क्यांहून कमी असतात, लठ्ठ माणसात ४० टक्क्यांच्या आसपास. याची चाहूल आधी लागली होती. १९९३ मध्ये हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी बोस्टनमध्ये दाखवलं होतं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ-अल्फा हे दाहाचं रसायन सोडते आणि ते अडवलं की इन्सुलिन बरं काम करतं. पण २००३ नंतर मुद्दा पक्का झाला. कोठाराला खरंच सूज येते.

थोडं सोपं करून सांगते. मेदपेशी प्रमाणाबाहेर फुगली की तिच्यावर ताण येतो, काही पेशी मरतात. मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला महाभक्षी पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात. ती शेजारच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू करतात. स्विच चालू झाला की आणखी दाहक रसायनं तयार होतात, इन्सुलिनचा निरोप नीट पोहोचत नाही, यकृत सीआरपी वाढवतं. ताप नाही, लाली नाही, दुखत नाही. पण वर्षानुवर्षं हे चालू राहतं.

फायली जोडल्या, पुढे काय?

मग साहजिकच लोकांनी जुनी दाहाची फाईल उघडली. २००४ पासून गुग्गुळस्टेरोन पेशींत एनएफ-कप्पा-बीचा स्विच दाबतं, असे निबंध येऊ लागले. २००८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की ते तरुण मेदपेशींची वाढ रोखतं आणि भरलेल्या मेदपेशींतली चरबी मोकळी करतं. हे प्रयोग उंदरांपासून बनवलेल्या ३टी३-एल१ नावाच्या पेशींवर होतात. मीही याच पेशी वाढवते. त्यांच्यावर अर्क टाकून दाहाचं रसायन कमी झालेलं पाहणं हे, खरं सांगायचं तर, अवघड नाही. शेकडो वनस्पतींचे अर्क ते करतात. बशीतली पेशी जेवत नाही, चालत नाही आणि तिला यकृतही नसतं. गिळलेल्या गोळीतलं द्रव्य आतड्यातून, यकृतातून जाऊन चरबीपर्यंत किती पोहोचेल, हे बशी सांगू शकत नाही.

आणि नेमका नेम धरूनही माणसांत अपयश येतं, हे आम्ही शिकलोय. १९९६ मध्ये लठ्ठ मधुमेही रुग्णांना टीएनएफ-अल्फा अडवणारं प्रतिपिंड देऊन पाहिलं. उंदरांत इतकं छान दिसलेलं काम माणसांत दिसलं नाही, इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली नाही.

याच्या उलट एक उदाहरणही आहे, तेही वनस्पतीच्या कुळातलं. विलो झाडाच्या सालीपासून धागा सुरू झालेल्या सॅलिसिलेटांनी मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी होते, हे जर्मनीत एब्स्टाइन यांनी १८७६ मध्ये आणि मँचेस्टरमध्ये विल्यमसन यांनी १९०१ मध्ये नोंदवलं. मग सगळे विसरले. शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, सॅलिसिलेट ज्याला अडवतं तो एनएफ-कप्पा-बीच्या मार्गावरचाच एक टप्पा आहे, हे उंदरांत दिसलं. मग सॅल्सलेट या जुन्या औषधाची मोठी, नियंत्रित चाचणी झाली. २०१३ च्या अहवालात ४८ आठवड्यांनंतर एचबीए१सी प्लासिबोपेक्षा ०.३७ ने कमी होतं. फायदा खरा आहे, पण बेताचा. दाह विझवला तर साखर सुधारते, हे माणसात दिसायला असा रस्ता चालावा लागतो. गुग्गुळ लठ्ठपणातल्या दाहासाठी अजून त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच आहे.

इथे एक मोह आवरायला हवा. सुश्रुताने स्थौल्याच्या पुढे ज्वर आणि विद्रधी लिहिले, म्हणजे त्याला मेदऊतीतला दाह माहीत होता, असं म्हणायचा मोह. मला तसं वाटत नाही. चांगल्या वैद्याने लठ्ठ रुग्ण बारकाईने पाहिले, त्यांना काय काय होतं ते लिहून ठेवलं. हे निरीक्षण मोठंच आहे. त्याला महाभक्षी पेशींचा शोध चिकटवला की त्याचं मोल वाढत नाही, उलट त्याने खरंच काय पाहिलं ते झाकलं जातं.

आणि झुडूप?

या सगळ्या निबंधांत एक पात्र गप्प आहे. गुग्गुळाचं झुडूप फार हळू वाढतं. चीर देण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात, बियांची उगवणही कमी. एका झुडपातून एका हंगामात काहीशे ग्रॅम डिंक मिळतो. मागणी वाढली तसे जास्त खोल घाव घातले गेले, डिंक भरपूर यावा म्हणून घावांना लेप लावायची पद्धत आली. एथेफॉन हे वाढनियंत्रक वापरलं तर उत्पन्न कितीतरी पटींनी वाढतं, हेही संशोधनातून दाखवलं गेलं. बेताने आणि काळजीपूर्वक वापरलं तर ते ठीक. पण अंदाधुंद चीर दिलेलं झुडूप डिंक देऊन वाळून जातं.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत कॉमिफोरा वायटीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. नामशेष होण्याच्या अलीकडे जवळपास शेवटची पायरी. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००८ मध्ये कच्छमध्ये लागवडीचा प्रकल्प हाती घेतला. पण आज लावलेलं रोप कामाला यायला दशक जातं, आणि कॅप्सूलची मागणी दशकभर थांबत नाही. आपण ज्या फायद्याची खात्री करून घेतलेली नाही, त्यासाठी एक अख्खी प्रजाती संपवत आणली आहे.

तर मग घ्यायचा का?

वजन किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्वतःच्या मनाने दुकानातून गुग्गुळाची डबी आणू नका, असं माझं म्हणणं आहे. त्यातही कुणी रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेत असेल तर मुळीच नको. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर दाखवलं की गुगुलिपिड सोबत घेतलं तर प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांची रक्तातली पातळी घटते. म्हणजे गोळी वेळेवर घेतली तरी पुरेशी लागू पडणार नाही, आणि ते कळणारही नाही. गर्भवतींनीही तो टाळावा. तुम्ही वैद्यांकडे उपचार घेत असाल तर त्यांना चालू असलेली सगळी औषधं सांगा, आणि डॉक्टरांना गुग्गुळाबद्दल सांगा. "ते काय, आयुर्वेदिकच आहे" म्हणून लपवू नका.

मेदऊतीतला दाह कमी करण्याचा ज्याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे ती गोष्ट कंटाळवाणी आहे: वजन थोडं का होईना उतरणं आणि रोज हालचाल. सुश्रुताच्या यादीत तेही होतं. आपण यादीतून डिंक तेवढा उचलला.

पुढच्या लेखात त्याच यादीतल्या रसांजनाबद्दल, म्हणजे दारुहळदीबद्दल लिहीन. तिच्यातल्या बर्बेरिनवर सध्या बरंच काम चालू आहे, आणि तिथेही झाडाची अवस्था गुग्गुळासारखी होऊ नये अशी भीती आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. गुग्गुळाची एखादी डबी घरात असेल तर तिच्यावर नेमकं काय लिहिलंय तेही कळवा. अर्क की चूर्ण, शोधन केलेला की नाही, किती मिलिग्रॅम. माझा अंदाज आहे की बऱ्याच डब्यांवर यातलं निम्मंही लिहिलेलं नसेल.